स्वयंचलित सूर आणि वादकाचा वाटा

दिवाळी सरली की सिंधुदुर्ग जिल्ह्यात जत्रांचे दिवस सुरू होतात. ग्रामदेवतेची पालखी देवळाभोवती फिरून आली की दशावतारी नाटक उभे राहते आणि रंगमंचाच्या एका अंगाला मांडलेल्या पायपेटी, पखवाज आणि झांज या तीन वाद्यांवर पहाटेपर्यंतचा सारा खेळ तोलला जातो. याच जिल्ह्यात कुडाळला, कणकवलीला वा मालवणला एखाद्या खोलीत महाविद्यालयीन वयाचा तरुण संगणकापुढे एकटा बसून आरती, भजन किंवा जत्रेचे गीत बांधीत असतो. त्याच्या गीतात पखवाज असतो, पेटी असते, झांजांचा गजर असतो. वादक मात्र एकही नसतो.

या दोन चित्रांची तुलना करून ‘जुने ते सोने’ म्हणत हळहळणे सोपे आहे आणि ‘काळाबरोबर चालले पाहिजे’ असे म्हणून मोकळे होणे त्याहूनही सोपे. दोन्ही भूमिकांत एक उणीव समान आहे. यंत्राने नेमके काय घेतले आणि काय त्याला घेता आलेले नाही, याची चौकशी त्यांपैकी एकीतही होत नाही. ती चौकशी करावयाची तर संगणकावर संगीत रचणारे ज्या सोयीला ‘ऑटोमेशन’ म्हणतात, तिच्याकडे जरा निरखून पाहावे लागेल. विषय वरकरणी तांत्रिक आहे. परंतु त्याचा शेवट श्रम, मालकी आणि वाटा या अर्थशास्त्राच्या जुन्याच प्रश्नांपाशी होतो, आणि म्हणूनच तो केवळ संगीतकारांवर सोपवून चालणार नाही.

डाव्या हाताचे काम

सूर म्हणजे केवळ ‘सा’ किंवा ‘प’ नव्हे. तो किती मोठा, कोणत्या बाजूने येणारा, किती धारदार वा किती मवाळ, त्याच्यामागे घुमारा किती, या साऱ्या गोष्टी मिळून सूर घडतो. यांपैकी प्रत्येक गोष्ट कमी-जास्त करता येते. अशा कमी-जास्त होणाऱ्या घटकाला शास्त्रीय परिभाषेत ‘प्राचल’ असे नाव आहे. स्वर तोच राहिला तरी त्याचे प्राचल क्षणोक्षणी बदलत असतात आणि ऐकणाऱ्याच्या मनाला जे भिडते ते बहुधा या बदलातून आलेले असते. बदलच नसेल तर सूर शुद्ध असूनही कंटाळवाणा होतो. विजेच्या भोंग्याचा आवाज अचूक असतो, पण त्याला कोणी दाद देत नाही.

पेटीचे उदाहरण घ्यावे. पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात पट्ट्यांवर फिरतो आणि पाहणाऱ्यांचे लक्ष त्याच हाताकडे असते. डावा हात मात्र भात्यावर असतो. सुराचा फुगवटा, त्याचे ओसरणे, गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर थबकणे ही सारी कामे तो हात मुकाट्याने करीत असतो. आपल्या जिल्ह्यातील डबलबारीच्या भजनात बुवा अभंग संपवून गजराकडे वळतात, तेव्हा भात्यावरचा दाब कसा चढत जातो हे जाणत्या श्रोत्यास सांगावे लागत नाही. पायपेटीत हेच काम पायांकडे गेले आणि दोन्ही हात पट्ट्यांसाठी मोकळे झाले. एका अवयवाचे ओझे दुसऱ्यावर टाकण्याची ही पायरी साधी दिसते. परंतु पुढे जे घडले त्याचे बीज तिच्यातच आहे.

प्राचलाचा वाद आपल्याकडे एकदा सरकारदरबारीही पोहोचला होता. पेटीवर दोन स्वरांमधली अखंड वाट, म्हणजे मींड, काढता येत नाही. पट्टीवरून पट्टीवर उडीच मारावी लागते. या आणि अशा आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंदी केली आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. दरम्यान पेटी देवळांतून, भजनीमंडळांतून आणि नाटकांतून सुखाने नांदत होती, हा भाग वेगळा. तात्पर्य, सुराची उंची पायरीपायरीने बदलावी की अखंड, हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही.

फळ्यावरचा आलेख

संगणकावरील आज्ञावलीत हे काम कसे होते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास समजावून देणे कठीण नाही, कारण मागणीचा वक्र त्याने काढलेला असतो. आडव्या अक्षावर काळ घ्यावा आणि उभ्या अक्षावर प्राचलाचे मूल्य, उदाहरणार्थ पखवाजाच्या आवाजाची पातळी. गीत सुरू होताना ती ४० असावी आणि पहिले मिनिट संपताना ९० व्हावी, असे ठरवले तर दोन ठिकाणी दोन बिंदू द्यावयाचे आणि ते रेषेने जोडावयाचे. गीत वाजू लागले की संगणक दर क्षणी त्या रेषेवरचे मूल्य वाचतो आणि आवाज तेवढा ठेवतो. रेषा सरळ असेल तर वाढ एकसारखी; वक्र असेल तर आधी संथ आणि मग वेगवान; पायरीसारखी असेल तर एकदम उडी.

रेषा काढण्याचा दुसराही मार्ग आहे. गीत वाजत असताना संगीतकार पडद्यावरील वा जोडलेल्या पेटीवरील एखादे बटण हाताने फिरवतो आणि यंत्र ती हालचाल टिपून ठेवते. पुढच्या वेळी तेच बटण, कोणी स्पर्श न करता, तसेच फिरते. मध्येच एखादी जागा चुकली असे वाटले तर तेवढ्यापुरतेच बटण धरावे, हालचाल दुरुस्त करावी आणि सोडून द्यावे. उरलेले जसेच्या तसे राहते. आवाजाच्या पातळीला जे लागू, तेच घुमाऱ्याला, धारेला, सूर डावीकडून उजवीकडे सरकवण्याला आणि लयीलाही लागू. चाळीस प्राचलांच्या चाळीस रेषा एकाखाली एक काढून ठेवल्या तरी यंत्र गोंधळत नाही. चाळीस हात मात्र एका माणसाला नसतात. या सोयीचे सामर्थ्य आणि तिची किंमत, दोन्ही या एका वाक्यात सामावलेली आहेत.

विद्युत्‌वाद्ये आणि संगणक यांनी परस्परांशी बोलण्याची जी समान भाषा १९८३ मध्ये ठरली, तिचे नाव ‘मिडी’. तिच्यात अशा बहुतेक प्राचलांना शून्यापासून १२७ पर्यंत, म्हणजे १२८ पायऱ्या दिल्या गेल्या. व्यवहारात त्या पुरतात. तथापि बदल मोठा आणि सावकाश असेल तर चाणाक्ष कानाला पायऱ्यांचा खडखडाट जाणवतो. म्हणून आजच्या आज्ञावल्या दोन पायऱ्यांमधली जागा आपल्या हिशेबाने भरून काढून उतार गुळगुळीत करतात. पेटीवर जो आक्षेप १९४० मध्ये घेतला गेला, त्याच जातीच्या आक्षेपाला यंत्राने दिलेले हे उत्तर आहे.

सतरा सेकंदांपासून

ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या अवाढव्य संगणकाकडून सुमारे सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. योगायोग असा की, आपल्याच जिल्ह्यातील सोनवडे गावी १९१२ मध्ये जन्मलेल्या वसंत देसाई यांचे संगीत असलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला. एकीकडे कारखान्याएवढ्या यंत्राने हातांवाचून काढलेला सूर आणि दुसरीकडे, चित्रपटाच्या नावापासूनच, माणसांच्या हातांवर ठेवलेला भरवसा. देसाई १९७५ मध्ये गेले. पुढच्या पिढीला संगीतकाराच्या मेजावर जो संगणक दिसला, तो त्यांनी पाहिला नाही.

मॅथ्यूज यांची पुढची पायरी आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १९७० च्या सुमारास त्यांनी आणि रिचर्ड मूर यांनी ‘ग्रूव्ह’ नावाची व्यवस्था उभी केली. तिच्यात संगणक स्वतः सूर निर्माण करीत नसे. माणूस जी बटणे फिरवी त्यांच्या हालचाली काळाबरोबर नोंदवून ठेवी, त्या दुरुस्त करू देई आणि त्यांच्याप्रमाणे विद्युत्‌वाद्य चालवी. आजच्या स्वयंचलनाची जवळजवळ सारी लक्षणे तिच्यात होती. मॅथ्यूज यांची धारणा अशी की, माणसाने संगणकापुढे वाद्यवृंदाच्या संचालकासारखे उभे राहावे. प्रत्येक स्वर स्वतः वाजवण्याचे ओझे त्याच्यावर नसावे. परंतु चढ-उतार, लय आणि भाव यांचा लगाम मात्र त्याच्याच हाती असावा. यंत्राच्या जनकाला हाताची हकालपट्टी अभिप्रेत नव्हती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या नीव्ह कंपनीने ध्वनिमिश्रणाच्या मेजावर आपोआप वर-खाली सरकणाऱ्या दांड्या आणल्या. त्या येईपर्यंत मोठ्या गीताचे मिश्रण हाही एक सामुदायिक प्रयोगच असे. ध्वनिमुद्रक आणि त्याचे साहाय्यक मेजाभोवती उभे राहून आपापल्या दांड्या ठरल्या क्षणी सरकवीत आणि एकाचा हात चुकला की सर्वांना पुन्हा आरंभापासून करावे लागे. त्याच्याही आधी, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत एक-दोन ध्वनिग्राहकांपुढे अख्खा ताफा वाजत असताना, हे काम पावलांनी होत असे. ज्याचा एकल तुकडा असेल तो वादक ध्वनिग्राहकाजवळ येई आणि तुकडा संपला की मागे सरे. डावा हात, पाय, पावले, दांडी आणि शेवटी रेषा, असा हा प्रवास आहे.

निर्णयाचे स्थलांतर

या प्रवासात नेमके काय बदलले? सामान्य समजूत अशी की, यंत्राने माणसाचे काम घेतले. हे अर्धसत्य आहे. आवाज कोठे चढावा आणि कोठे उतरावा हा निर्णय आजही माणूसच घेतो. रेषा कोणाला तरी काढावीच लागते. बदलले ते निर्णयाचे स्थान आणि निर्णय घेणाऱ्यांची संख्या. पूर्वी तो वाजवण्याच्या क्षणी घेतला जाई. आता तो आधी घेतला जातो. पूर्वी दहा वादक आपापल्या वाद्यापुरता तो घेत; आता दहाही रेषा एकच माणूस काढतो. निर्णय क्षणाकडून योजनेकडे गेला आणि अनेकांकडून एकाकडे गेला. स्वयंचलनाचा अर्थशास्त्रीय आशय एवढाच आहे. पण तो लहान नाही.

इतिहासात याचे जवळचे उदाहरण वस्त्रोद्योगात सापडते. नक्षीचे रेशीम विणताना फ्रान्समध्ये मागाजवळ एक मुलगा असे; विणकराच्या सांगण्याप्रमाणे ताण्याचे ठरावीक धागे दोऱ्यांनी उचलणे हे त्याचे काम. १८०४ च्या सुमारास जकार्डने छिद्रांच्या पत्त्यांवर चालणारी योजना आणली आणि कोणत्या क्षणी कोणता धागा उचलावयाचा हे पत्त्यांवरच लिहिले गेले. मुलाचे कंबरमोडे काम गेले हे बरेच झाले. परंतु त्याचबरोबर नक्षीवरचा सारा अधिकार पत्ते पाडणाऱ्याकडे आणि पत्त्यांच्या मालकाकडे गेला. संगीतातील रेषा हे जकार्डच्या पत्त्यांचेच वंशज होत.

यंत्राकडे वळण्यामागे संगीतकारांचा दुष्टावा आहे असे मानण्याचे कारण नाही. त्यामागे एक अंकगणित आहे आणि ते विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये मांडले. कारखान्यात एका कामगाराचे उत्पादन वर्षानुवर्षे वाढत जाते, म्हणून त्याची मजुरीही वाढू शकते. चार वादकांची रचना वाजवावयास मात्र शंभर वर्षांपूर्वी चार माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ आजही लागतो. इतरत्र मजुरी वाढली की कलावंतालाही जगण्यापुरती ती वाढवून द्यावी लागते. उत्पादन मात्र वाढत नाही. परिणामी प्रत्यक्ष सादरीकरण इतर वस्तूंच्या मानाने सतत महाग होत जाते. मध्यरात्री सुरू होऊन पहाटे संपणारे दशावतारी नाटक कितीही कुशल नटांनी केले तरी अर्ध्या वेळात आणि अर्ध्या माणसांत होत नाही. ध्वनिमुद्रित संगीताला या कोंडीतून सुटण्याची वाट स्वयंचलनाने दाखवली. एकदा काढलेली रेषा हजार वेळा वाजली तरी तिचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्याच्या पदरी पैसा थोडा आहे असा निर्माता ती वाट नाकारील, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

या वाटेने गेल्यावर काय होते हे मुंबईने पाहिले आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या भरभराटीच्या दशकांत तेथील वाद्यवृंदांचा कणा बव्हंशी आपल्या शेजारच्या गोव्याने पुरवला होता. चर्चशी संलग्न शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली ही माणसे व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन मुंबईस गेली. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी वाद्यसंयोजनाची घडी बसवून दिली. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच आली. १९८० नंतर विद्युत्‌वाद्ये आणि १९९० नंतर संगणक स्थिरावले, तसे मोठे ताफे विरत गेले. आणि २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल या मराठी संगीतकारांनी साठांहून अधिक वादकांचा वाद्यवृंद अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित केला, तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले! कौतुक योग्यच होते. परंतु त्यातून निघणारा दुसरा अर्थही नजरेआड करू नये. ज्याला परवडते तो आजही माणसांचे हातच विकत घेतो. यंत्राचा सूर स्वस्त झाल्यावर हातांचा सूर दुर्मीळ आणि म्हणून प्रतिष्ठेचा होतो. मधल्या मध्ये नाहीसा होतो तो साधा, पोटापुरते कमावणारा वादक.

रापणीचा न्याय

मालवणच्या किनाऱ्यावरील माणसाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. रापण किनाऱ्यावरून ओढली जाते. दोन बाजूंच्या दोरांना कित्येक हात लागतात आणि मासळी आल्यावर वाटे पडतात. जाळ्याचा वाटा निराळा, अंगमेहनतीचा निराळा. यांत्रिक नौका आल्या, पुढे पर्ससीन जाळी आली, तेव्हा थोड्या हातांत पुष्कळ मासळी येऊ लागली. मासळीबरोबर ती कोणी, कोठे आणि किती धरावयाची हा निर्णयही थोड्या हातांत गेला. या संघर्षातूनच शासनाला १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा करावा लागला आणि २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. नियमांची अंमलबजावणी कशी होते हा स्वतंत्र विषय आहे. येथे मुद्दा एवढाच की, यंत्र आले म्हणून वाट्याचा प्रश्न मिटत नाही. उलट तो नव्याने आणि अधिक तीव्रतेने सोडवावा लागतो.

मासळी आणि संगीत यांत एक फरक अवश्य आहे. समुद्रातील मासळी ओरबाडली तर संपते. सुरांचा साठा तसा संपत नाही. मात्र सूर जाणणारे हात संपू शकतात. पखवाजाची थाप गुरूच्या समोर बसून वर्षानुवर्षे कमवावी लागते आणि तिच्यातून निदान हंगामापुरता चरितार्थ चालेल अशी आशा नसेल तर कोणताही बाप आपल्या मुलाला त्या वाटेला लावणार नाही. गंमत अशी की, संगणकात वाजणारी पखवाजाची थापही केव्हातरी एखाद्या हाडामासाच्या वादकाने वाजवलेली, तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करून ठेवलेली असते. त्या वादकाला बहुधा एकदाच काय ते मानधन मिळते. थाप मात्र लाखो गीतांत वाजत राहते.

यंत्राला कान नाहीत

मग स्वयंचलनाला मर्यादा नाहीत काय? आहेत, आणि त्या आपल्या जत्रेतच स्पष्ट दिसतात. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. कथानक आणि प्रवेशांचा क्रम नाटकाआधी ठरतो; संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. समोरचा नट उत्तरादाखल काय बोलेल हे त्यालाही ठाऊक नसते. राजा रागाने पाऊल आपटतो त्याच क्षणी पखवाजावर थाप पडते. युद्धाच्या प्रवेशात गिरक्या वाढल्या की लय वाढते. नट दमला असे दिसताच पखवाजी ती अलगद उतरवतो आणि प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. एखादे पद रंगले आणि लोकांनी मान डोलावली तर पेटीवाला आणखी एक आवर्तन देतो. येथेही आवाज, लय, धार हे सारे प्राचल क्षणोक्षणी बदलत असतात. परंतु त्यांची रेषा आधी काढता येत नाही, कारण आडवा अक्षच ठरलेला नसतो. प्रवेश सात मिनिटांत संपेल की सतरा, हे त्या रात्रीचा नट आणि त्या रात्रीचे प्रेक्षक ठरवतात.

संगणकाला ऐकावयास शिकवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. गायक-वादकाच्या मागोमाग जाऊन साथ करणाऱ्या आज्ञावल्या १९८४ मध्येच जगापुढे आल्या आणि त्यानंतर त्यांत मोठी सुधारणा झाली. परंतु त्या मुख्यतः लिहून ठेवलेल्या रचनेवर बोट ठेवून चालतात. जेथे लिहिलेलेच काही नाही तेथे बोट ठेवावयाचे कशावर? अलीकडे काही शब्द सांगताच संपूर्ण गीत बांधून देणारी यंत्रेही आली आहेत. तीही समोरच्या नटाचे पाऊल पाहत नाहीत. यावरून एक कसोटी हाती लागते. ज्या कलाकृतीचा काळ आधी ठरलेला आहे, तेथे स्वयंचलन उत्तम सेवक आहे. जेथे काळ माणसामाणसांच्या देवघेवीतून जन्मतो, तेथे ते निरुपयोगी आहे. आणि तेथे ते आणावयाचे तर आधी ती देवघेवच मारावी लागते. आधी मुद्रित केलेल्या संगीतावर नटाने पावले टाकावीत असा बेत उद्या कोणी खर्च वाचवण्यासाठी केलाच, तर वाचेल तो दोन वादकांचा मोबदला आणि जाईल तो दशावतार.

तरुणाच्या खोलीतील संगणक

याचा अर्थ कणकवलीच्या त्या तरुणाने संगणक बंद करावा असा मुळीच नाही. ज्या गावात ध्वनिमुद्रणशाळा नाही, ज्याला मुंबईस जाऊन दहा वादक जमवणे स्वप्नातही शक्य नाही, त्याच्या हातात या यंत्राने एक अख्खा वाद्यवृंद दिला आहे. अशा कामाच्या काही आज्ञावल्या तर विनामूल्य मिळतात. भांडवलाअभावी बंद असलेले दार उघडले जाणे ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने स्वागतार्ह घटना आहे. शिवाय जो मुलगा कागदावरच्या वक्राला घाबरतो, तो आवाजाची रेषा वाकवून तिचा परिणाम कानांनी ऐकतो तेव्हा आलेख म्हणजे काय हे त्याला जितके पटकन समजते, तितके फळ्यावरून समजत नसावे.

धोका निराळा आहे. रेषा स्वतः न काढता तयार रेषा उचलण्याची सवय वेगाने वाढते आहे. हळूहळू फुगत जाणारा नाद, क्षणभर शांतता आणि मग एकदम ढोलांचा कडकडाट, हा साचा आज आरतीलाही लागतो, लग्नाच्या गाण्यालाही लागतो आणि मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांनाही लागतो. जी वस्तू फुकट मिळते ती सर्वत्र दिसू लागते, हा बाजाराचा नियमच आहे. परिणामी मालवणच्या जत्रेचे गीत आणि मेरठच्या वरातीचे गीत यांच्या चढ-उतारांत फरक उरत नाही. फरक फक्त शब्दांत. निर्णय अनेकांकडून एकाकडे आला, येथवर ठीक होते. तो एकही निर्णय घेत नसेल, तर निर्णय कोणाचा? दूर कोठेतरी बसून तो साचा बनवणाऱ्याचा. ज्या तरुणाने बुवांच्या डाव्या हाताकडे वर्षभर लक्ष देऊन पाहिले आहे, त्याची रेषा मात्र अशी उसनी नसेल. यंत्र शिकण्याआधी हात पाहावयास शिकणे, हाच त्यावरचा उपाय होय.

काय करता येईल?

आता कर्तव्याचा विचार. पहिली गोष्ट श्रेयाची. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा; त्यात कलावंताचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले आणि व्यापारी वापरातून कलावंताला स्वामित्वशुल्क मिळण्याची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने झाली. कलावंताच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर गारुडी आणि व्याख्यान देणारा इसमही आहे, ही आम्हा प्राध्यापकांच्या समाधानाची बाब! परंतु त्याच दुरुस्तीने एक मेखही मारून ठेवली. चित्रपटात ज्याचा सहभाग केवळ प्रासंगिक आहे आणि रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला या हक्कांपैकी बहुतेकांच्या दृष्टीने कलावंत मानले जात नाही. म्हणजे नाव छापणे ही केवळ सौजन्याची गोष्ट नाही. तिच्यावर वाटा अवलंबून राहू शकतो. तेव्हा गीत चित्रपटाचे असो वा घरच्या खोलीत बांधलेले, पखवाज कोणाचा आणि पेटी कोणाची हे त्यावर लिहिण्याचा परिपाठ आपल्या तरुण संगीतकारांनी आजपासूनच ठेवावा. त्याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट देवस्थान समित्यांची आणि उत्सवमंडळांची. मंडप, रोषणाई आणि कर्णे यांवर होणारा खर्च हिशेबात बिनतक्रार मंजूर होतो. वादकांच्या बिदागीवर मात्र घासाघीस होते. बॉमोलचे अंकगणित खरे असेल, तर प्रत्यक्ष वादन दरवर्षी थोडे महाग होणारच. ती महागाई म्हणजे नासाडी नव्हे. ते त्या कलेच्या जिवंतपणाचे मोल आहे. जी मंडळे हे ओळखून बिदागी वाढवतील, त्यांच्या गावात पुढच्या पिढीतही पखवाजी सापडेल.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. शाळा-महाविद्यालयांत संगणक आहेत आणि गावोगावी भजनीमंडळेही आहेत. परंतु एकाची दुसऱ्याशी ओळख नाही. बुवांनी महाविद्यालयात यावे, त्यांचा एक गजर मुद्रित व्हावा आणि त्यातील लय व आवाज यांचा आलेख विद्यार्थ्यांनी संगणकावर मांडून पाहावा, एवढा उपक्रम कोणत्याही अनुदानाविना होण्याजोगा आहे. त्या आलेखावरील प्रत्येक लहानमोठ्या वळणामागे एका माणसाने त्या क्षणी घेतलेला निर्णय होता, हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांना दिसेल. ते एकदा दिसले की यंत्राची रेषा काढताना तो अधिक विचार करील आणि हाताची किंमत ठरवताना अधिक उदार होईल.

स्वयंचलनाला विरोध करून ते थांबणार नाही; थांबवण्याचे कारणही नाही. परंतु श्रमाची बचत झाली तर ती बचत कोणाच्या खिशात गेली, हा प्रश्न ज्या जिल्ह्यातील माणसे समुद्रावर विचारतात, त्यांनी तो संगीताच्या बाबतीतही विचारावयास हवा. रेषा यंत्राने खुशाल वाचावी. ती कोणाच्या हाताकडे पाहून काढली गेली आणि त्या हाताला त्याबद्दल काय मिळाले, याचा हिशेब मात्र आपणच ठेवला पाहिजे.